कै. चंद्रभान यांचा निळा शर्ट

ही गोष्ट एका काखेपासून सुरू होते. नाक मुरडायचं काम नाही. मोठ्या गोष्टी कुठूनही सुरू होतात, प्रणाली गावंडेची तिच्या मायच्या काखेपासून झाली.

भातकुलीकडच्या त्यांच्या गावात बायका कापूस वेचायला निघाल्या की लुगड्यावर नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट चढवतात. ऊन लागत नाही, आणि बोंडाची वाळलेली टोकं हाताला ओरबाडत नाहीत. पण शर्ट पडला पुरुषाच्या मापाचा. खांदा कोपराकडं उतरतो, बाही चार घड्या घालूनही बोटांवर येते, आणि वाकलं की पाठीत असा ओढतो की जणू मागून कुणी धरून ठेवलंय. एवढ्या बायका, एवढी शेतं, एवढी वर्षं, पण बाईच्या मापाचा शेतातला शर्ट शिवावा असं एकाही शिंप्याला सुचलं नाही. प्रणालीला पहिला राग आला तो याचा.

तो आला दोन हजार सहाच्या हिवाळ्यात, ती नववीत असताना. त्या वर्षांत वऱ्हाडात गाड्या फार यायच्या. कुणी पाहणी करायला, कुणी अहवाल लिहायला, कुणी नुसतंच "परिस्थिती बघायला". गाडीतून उतरणारा प्रत्येक जण आधी कॅमेरा काढायचा आणि मग हळहळायचा. अशाच एका गाडीतून अमरावतीच्या कुठल्याशा संस्थेच्या मॅडम उतरल्या. ढेकळात सँडल रुतली तरी त्यांनी डोळ्यांवरचा गॉगल काढला नाही, म्हणून प्रणालीच्या डोक्यात त्यांचं नाव कायमचं गॉगल मॅडम पडलं.

"ताई, हात वर करा ना जरा. त्या वरच्या बोंडाकडे. हां, असंच!"

पार्वताबाईनं, म्हणजे प्रणालीच्या मायनं, हात वर केला. अंगात नवऱ्याचा निळ्या चौकडीचा शर्ट होता. तिसरी गुंडी हरवल्यामुळं तिथं कोटाचं मोठं काळं बटन लावलेलं. हात वर गेला आणि काखेत टर्र झालं.

साऱ्या बायका हसल्या. मॅडमला फोटो मिळाला, त्यांनी प्रणालीच्या हातात एक कार्ड ठेवलं, "मुलींनी काही उद्योग सुरू केला तर कळवा," म्हणाल्या आणि गेल्या. माय मात्र दिवसभर कोपर बरगडीला चिकटवून एका हातानं वेचत राहिली.

"दाखव इकडं," संध्याकाळी प्रणाली म्हणाली.

"फाटला तं फाटला," माय म्हणाली. "आपल्या मापाचा थोडीच हाये तो."

"अन् माहं काय?" बापानं, चंद्रभाननं, ओसरीतून आवाज दिला. "चांगला शर्ट नेते, अन् फाडून आनते!"

प्रणालीनं त्या काखेत लाल कापडाचा चौकोनी तुकडा जोडून चौकट बसवली. निळ्या शर्टात लाल चौकट! दिसायला ती भयंकर दिसत होती, पण दुसऱ्या दिवशी माय वेचून आली आणि म्हणाली, "आज ओढलं नाई वं." बस. त्या रात्री पोरीला झोप कुठली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती अकोल्याला जठारपेठेत मावशीकडं गेली. मावशीच्या खोलीखाली बिल्कीस खालाचं शिवणाचं दुकान होतं. खालाचे अब्बा इनायतुल्ला मास्टर जेन्ट्स शर्टासाठी नावाजलेले. ते गेल्यावर शेजारचे दुकानदार म्हणाले, मशीन विकून टाका, बाई काय शर्ट शिवणार. खाला त्या मशीनवर बसली, आणि बसली ती बसलीच. तिच्याकडं प्रणाली कॉलर शिकली, कफ शिकली, बाही न चुरगळता कशी बसवायची ते शिकली. भांडणही पहिल्या आठवड्यातच झालं.

"माप घेताना गिऱ्हाईक एकदम सीधा खडा पाहिजे," खाला म्हणाली. "अब्बांचा कायदा हाये."

"खाला, आमची गिऱ्हाईकं सीधी खडी राह्यतच नाईत. दिवसभर वाकून असतात. सीधं माप घेऊन काय फोटोत लावाचं?"

खालानं ओठांत धरलेल्या टाचण्या एकेक करून काढल्या, कारण टाचण्या तोंडात असताना नीट बोलता येत नाही. "मग वाकव," ती म्हणाली.

आणि मग मावशीला दुकानाच्या मधोमध वाकवलं, हात पुढं करायला लावले, आणि दोघींनी तशातच टेप लावली. रस्त्यावरून जाणारे थांबून पाहत होते. मावशी ओरडत होती, "लवकर करा वं, लोकाइले वाटून राहिलं माही कंबर धरली!" त्यातून निघाला तो शर्ट. काखेत चौकट, पाठ पुढच्यापेक्षा चार बोटं लांब, मनगटाला बटन, कमरेला दोन नाड्या म्हणजे कापूस भरायचा फडका घसरायला नको, आणि खिसा. बाईच्या अंगावर, बाईचा स्वतःचा खिसा.

मायनं तो घातला, दोन्ही हात वर केले, खाली केले, पुन्हा वर केले. काढलाच नाही मग. चंद्रभाननं मात्र निळा शर्ट छातीशी धरला. "सुटला बा माहा शर्ट एकदाचा!" त्या दिवसापासून तो शर्ट त्यानं गिरणीत घातला, बाजारात घातला, लग्नात घातला. लाल चौकटीसकट.

शाळा सुरू झाली, दहावीचं वर्ष, आणि प्रणाली मागच्या बाकावर बसून पांढऱ्या नाडीपट्टीवर लाल दोऱ्यानं साखळीटाका घालू लागली. शर्टाच्या गळ्यामागं लावायचं लेबल. नाव: आमचं माप. प्रत्येक लेबल हातानं, कारण छापून आणलेल्या अक्षरांत तिला मजा वाटत नव्हती. शेषराव सरांनी पकडलं.

"दहावीत गोता खाल्ला तं हेच शिवत बसशीन!"

"सर, पास झाली तरी हेच शिवत बसीन."

वर्ग हसला, पोरीला वर्गाबाहेर काढलं. बाहेर उजेड चांगला होता. तीन लेबलं झाली.

दिवाळीच्या सुट्टीत खालानं आणि तिनं मिळून चौतीस शर्ट उभे केले. गावात ती एकेकीकडं दाखवायला गेली. शेजारच्या भागीरथाकाकूकडंही गेली. काकूच्या घरचे, म्हणजे काका, दोन वर्षांपूर्वी गेले होते. कसे गेले ते सगळ्या गावाला माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. काकूनं नवा शर्ट हातात घेतला, शिवण पाहिली, "हात चांगला हाये तुया," म्हणाली आणि परत दिला. खुंटीवर काकांचा पिवळट शर्ट होता. "मी त्याईचाच घालत जाईन. फक्त त्याले काखेत तसं लावून देशीन काय?" प्रणालीनं लावून दिलं. पिवळट कापडाला मिळताजुळता तुकडा शोधायला तिनं अख्खी ट्रंक उपसली, आणि याबद्दल ती कुणाजवळ बोलली नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग ते जुनं कार्ड सापडलं. प्रणालीनं गॉगल मॅडमना पत्र लिहिलं, नाव पूर्ण घातलं, प्रणाली चंद्रभान गावंडे, तुम्ही फोटो काढला त्या पार्वताबाईची पोरगी, आणि शर्टाचं चित्र काढून पाठवलं. उत्तर आलं! जानेवारीत अमरावतीला महिला उद्योगांचं प्रदर्शन, एक स्टॉल तुझा, शर्ट दोन दिवस आधी पाठव, मांडणी आम्ही करू. पोरगी अंगणात नाचली. कोंबड्या घाबरून पळाल्या.

प्रदर्शनाच्या दिवशी खाला अकोल्याहून आली, प्रणाली गावाहून, आणि स्टँडवरून ऑटोनं दोघी हॉलवर पोचल्या. दारातच आशाबाई झाडत होती. हॉलची सफाईवाली, साडीवर कंत्राटदारानं दिलेला खाकी शर्ट, बाह्या दोरीनं बांधलेल्या.

"सरक वं पोट्टे, पाय उचल. पयले झाडू दे, मंग उद्योग करजो."

प्रणालीनं पाय उचलला, पण तिची नजर त्या दोरीनं बांधलेल्या बाह्यांवर होती. मग स्टॉल दिसला आणि ती धावली.

शर्ट सुंदर मांडले होते, नाही म्हणता येणार नाही. आणि प्रत्येक शर्टाच्या गळ्याला, बरोबर "आमचं माप" झाकून, एक चकचकीत कार्ड बांधलं होतं. कार्डावर मायचा फोटो. हात वर, निळी चौकडी, काळं बटन. खाली अक्षरं: "पतीच्या मागे उरला फक्त त्याचा शर्ट. त्या अश्रूंतून उमललेली ही निर्मिती. कै. चंद्रभान गावंडे यांची कन्या, कु. प्रणाली."

प्रणालीनं पुन्हा वाचलं. कै.? तिचा बाप सकाळी गाईला पेंड घालत होता! पोरगी निघताना त्यानं ओरडून सांगितलं होतं की दुपारी डबा घेऊन येतो, तिथलं काही खाऊ नको, तेलकट असतं!

"खाला," तिचा आवाज चिरकला, "याईनं माहा बाप मारला."

खालानं चष्मा चढवला, वाचलं, आणि तिच्या तोंडून जे उर्दूत निघालं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दोघींनी चौतीसच्या चौतीस कार्डं उलटी केली. छापलेली बाजू आत, कोरी बाहेर. पाच मिनिटांत संस्थेच्या पोरी आल्या आणि हसत हसत सगळी सुलटी करून गेल्या. मग गॉगल मॅडम स्वतः आल्या. आज गॉगल डोक्यावर होता.

"मॅडम, माहे बाबा जिवंत हायेत."

"हो का?" मॅडम क्षणभर थांबल्या, फक्त क्षणभर. "अगं, फोटोवरून आम्हाला वाटलं... तुझी आई पुरुषाचा शर्ट घालून होती ना. आता छापून झालंय, बाळा."

"आमच्याकडं साऱ्याच घालतात. नवरा हाये त्या बी घालतात!"

"बरं, पण बघ ना, लोक थांबतायत. नुसत्या शर्टापाशी कोण थांबलं असतं? दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. तुझ्या वडिलांना कुठे इथे यायचंय?" आणि मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "पुण्याच्या एक ताई आल्यात, तिकडे त्यांची दुकानं आहेत. दोनशे शर्ट मागतायत. कार्डासकट. शहाणी हो."

दोनशे! दोनशे म्हणजे खालाच्या दुकानात आणखी दोन मशीनं, चार बाया, वर्षभराचं काम. म्हणजे शेषराव सरांच्या नाकावर टिच्चून "आमचं माप". प्रणाली मनात हिशोब करू लागली.

पुण्याच्या ताई खरोखर आल्या. कार्ड वाचलं, डोळे ओले झाले, खरेच झाले, खोटं कशाला सांगा. त्यांनी प्रणालीच्या खांद्यावर हात ठेवला. "किती सोसलंस गं. बाबांची खूप आठवण येत असेल?"

खाला मागून पुटपुटली, "बोल बेटा. मुंह बंद ठेवून काय करून राहिली?"

आणि प्रणालीनं मान हलवली. वरून खाली. हो म्हणून.

एवढंच. एक शब्दही नाही. पण ती मान हलली ते तिला स्वतःला कळलं.

"पनी! अवो पनी! कुठी हायेस वं?"

हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून डब्याची पिशवी उंच धरून चंद्रभान येत होता. कपाळाला घाम, डोक्याला रुमाल, आणि अंगात, दुसरं काय असणार, निळ्या चौकडीचा शर्ट. पोरीच्या मोठ्या दिवशी माणूस आपला चांगलाच शर्ट घालणार ना.

तो स्टॉलपाशी आला. फोटोतल्या बायकोला पाहून खूश झाला. "अरे, इचा फोटो!" मग बोट ठेवून त्यानं एकेक अक्षर वाचलं. ओठ हलत होते. कै.वर बोट थांबलं.

"मी कवा मेलो?" त्यानं अख्ख्या हॉलला विचारलं. "मले तं कोनं सांगतलं नाई!"

कुणीतरी हसलं. पुण्याच्या ताईंनी फोटोतलं काळं बटन पाहिलं, मग समोरच्या छातीवरचं काळं बटन पाहिलं. चंद्रभाननं त्यांची नजर ओळखून शर्ट पुढं ओढला. "हाच तो, बाई. पाहा. काखेत लाल बी हाये, दाखवू काय?"

"नको नको," ताई मागं सरकल्या. त्यांचा चेहरा पडला होता, आणि प्रणालीनं तो नीट पाहिला. बाईला आनंद व्हायला हवा होता की नाही, माणूस जिवंत निघाल्याचा? तिला फसल्यासारखं वाटत होतं!

गॉगल मॅडम लगबगीनं मधे आल्या. "काका, या, या. इकडे पडद्यामागे बसा ना थोडा वेळ. चहा पाठवते. बाहेर फार गर्दी आहे."

चंद्रभान साधा माणूस. "बसतो ना जी," म्हणाला आणि डबा घेऊन पडद्याकडं वळलासुद्धा.

तिथं पोरीचं डोकं फिरलं.

"बाबा, थांबा!" तिनं खुर्ची ओढली, स्टॉलच्या ऐन समोर आणून ठेवली. "इथं बसा. पडद्यामागं नाई. साऱ्याइच्या पुढं बसा."

"अगं, हळू बोल," मॅडम म्हणाल्या.

"काहून हळू? माहा बाप जिवंत हाये, हे हळू सांगू? तुमी मेला म्हनून मोठ्या अक्षरात छापलं, अन् मी जिवंत म्हनून हळू बोलू?" तिनं खालाच्या शिवणाच्या डब्यातून कात्री उचलली. कच्च. पहिलं कार्ड पडलं. "आमच्या शेजारी भागीरथाकाकू हाये. तिचा मानूस खरंच गेला. ते त्याईचा शर्ट घालते, तिनं कोनाले फोटो काढू देला नाई, कार्ड छापू देलं नाई. अन् तुमी ते दुःख उचलून माह्या गयात बांधता? तिच्या नावाची गोष्ट चोरून माहे शर्ट इकता? उद्या मी तिच्या दारावरून कशी जाऊ?" कच्च. कच्च. "हा शर्ट रडून नाई शिवला, मॅडम. अक्कल लावून शिवला. काखेत काहून चौकट हाये, पाठ काहून लांब हाये, एकीनं तरी इचारलं काय सकाळपासून? बाबांची आठवण येते काय, हे इचारता!"

मग ती पुण्याच्या ताईंकडं वळली, आणि आवाज जरा खाली आला. "तुमाले मी मान हलवली. ते खोटं होतं. ते माहं चुकलं, त्याची माफी मांगतो. बाकीचं माहं काईच चुकलं नाई."

ताई पर्स सावरत निघून गेल्या. दोनशे शर्ट त्यांच्या मागोमाग दाराबाहेर जाताना प्रणालीला अगदी स्पष्ट दिसले.

मॅडमनी गॉगल डोक्यावरून डोळ्यांवर घेतला. "स्टॉल रिकामा करा. पुढच्या वर्षी अर्ज करू नकोस."

"नाई करत जा."

अर्ध्या तासानं तिघं हॉलच्या पायऱ्यांवर उन्हात बसली होती. चौतीस शर्टांचं गाठोडं, डबा उघडा, ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा. कुणाला फारशी भूक नव्हती. खाला गोळा करून आणलेली कापलेली कार्डं रचत होती, मागची बाजू कोरी, कागद जाडजूड, असं टाकायचं कसं.

"पनी," चंद्रभान हळूच म्हणाला, "मी दुसरा शर्ट घालून याले पाह्यजे होतं काय वं?"

"बाबा!" ती एवढ्या जोरानं म्हणाली की पायरीवरची कबुतरं उडाली. "पुन्हा असं बोलसान तं बोलनार नाई तुमच्याशी."

पायऱ्या झाडत झाडत आशाबाई त्यांच्यापाशी आली. सकाळसारखं "सरक" म्हणाली नाही. गाठोड्यातली एक बाही तिनं दोन बोटांत धरली, उलटी केली, काखेतल्या चौकटीवरून अंगठा फिरवला.

"हे काहून लावलं?"

दिवसभरात पहिल्यांदा कुणी विचारलं होतं. प्रणालीनं स्वतःचा हात वर करून दाखवला. "हात वर केला... की ओढू नये म्हनून, मावशी."

आशाबाईनं खाकी शर्ट काढून पायरीवर टाकला, नवा चढवला. हात वर नेला. "ओढत नाई," तिनं कबूल केलं. "पन खांद्यात कसून राहिला. अन् आमी तुमच्यासारखं वाकून कापूस नाई वेचत, आमाले लांब झाडू मारा लागते. अन् तंबाखूच्या पुडीले येगळा खिसा पाह्यजे. घामानं भिजते."

"दुसरा शिवतो ना!" प्रणालीनं गळ्यातली टेप काढली.

आशाबाई पायरीवर टाचा जोडून उभी राहिली, शाळेतल्या पोरीसारखी ताठ. "अशी राहू काय?"

खाला फस्सकन हसली. "ते कायदे आता मोडले, बहेनजी."

"उभं नका राहू, मावशी," प्रणाली म्हणाली. "झाडा."

"आँ?"

"झाडा तुमी. मी मागून येतो."

आशाबाई झाडू लागली. लांब, सपासप, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि प्रणाली कमरेत वाकून टेप घेऊन तिच्या मागं मागं. हॉलमधून डोकावलेले लोक पाहत होते. पाहू दे.

"बाबा, लिवा! बाही, साडेवीस!"

चंद्रभाननं खालाच्या ढिगातलं एक कार्ड उचललं, स्वतःचं कै. खाली करून पालथं घातलं, मांडीवर ठेवून हातानं सपाट केलं आणि पेन्सिल जिभेला लावली.

"साडेवीस. पुढं?"

"खांदा, साडेपंधरा!"

"अन् दादा," झाडू न थांबवता आशाबाई ओरडली, "ते पुडीचं लिवलं काय?"

"लिवतो जी," चंद्रभान म्हणाला. "दोन खिसे लिवतो."